संघात एकच जागा : महिला फुटबॉलमधील गोलकीपरची कारकीर्द

२०२३ च्या महिला विश्वचषकात स्पेनची काता कोल स्वित्झर्लंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात गोलपोस्टसमोर उभी राहिली, तेव्हा वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून तो तिचा पहिलाच सामना होता. त्याआधी साखळी फेरीत जपानने स्पेनला ४-० असे हरवले होते. प्रशिक्षकांनी मिसा रोद्रिगेसला बाजूला ठेवले आणि एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूकडे जागा सोपवली. त्या सामन्यात तिच्यावर झालेला एकमेव गोल तिच्याच संघातील बचावपटूने मैदानाच्या मध्याजवळून मागे दिलेल्या चेंडूवर झाला. स्पेनने सामना ५-१ असा जिंकला आणि पंधरवड्याने काता कोल विश्वविजेती झाली.

अमेरिकेच्या अलिसा नेहरची कहाणी नेमकी उलट आहे. देशाकडून पहिला सामना खेळली तेव्हा ती २६ वर्षांची होती. २०१५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तिचे नाव होते, पण त्या स्पर्धेत ती एक मिनिटही खेळली नाही, कारण पहिली पसंती होप सोलो होती. नेहरला कायमची जागा मिळेपर्यंत तिची विशी संपत आली होती. पुढे मात्र २०१९ च्या विश्वचषकाच्या आणि २०२४ च्या ऑलिम्पिकच्या अशा दोन्ही अंतिम सामन्यांत तिने प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करू दिला नाही. दुसऱ्या सामन्याच्या वेळी ती ३६ वर्षांची होती.

या दोघींच्या गुणवत्तेत एवढे अंतर होते असे कोणी म्हणणार नाही. अंतर होते ते जागा रिकामी होण्याच्या वेळेत. गोलकीपरच्या कारकिर्दीबद्दल जे काही विलक्षण वाटते, म्हणजे तिचे उशिरा नावारूपाला येणे, वारंवार क्लब बदलणे, एका चुकीने वर्षभर बाहेर बसणे किंवा चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळत राहणे, त्यातील बरेचसे एका साध्या गोष्टीतून येते : संघात अकरा जागा असल्या तरी तिच्यासाठी त्यांपैकी एकच असते.

एका जागेचे गणित

विश्वचषकाच्या २३ जणींच्या संघात किमान तीन गोलकीपर असाव्याच लागतात, आणि मैदानात एका वेळी त्यांतील एकच उतरते. मधल्या फळीतील खेळाडूला आपली जागा मिळाली नाही तर प्रशिक्षक तिला बाजूला, थोडे मागे किंवा पुढे खेळवून पाहू शकतात. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत ताज्या दमाची खेळाडू म्हणूनही तिला संधी मिळते. गोलकीपरला यांपैकी एकही वाट मोकळी नसते. सामना सुरू असताना ती बदलली जाते ती बहुधा दुखापतीमुळे किंवा पहिल्या गोलकीपरला लाल कार्ड मिळाल्यामुळे; डावपेच म्हणून तसे क्वचितच घडते. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाची गोलकीपर आठवड्यात पाच-सहा दिवस पहिलीच्या बरोबरीने सराव करते, तिच्याइतक्याच उड्या मारते आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसते. कधी कधी असा अख्खा हंगाम जातो.

येथे कारकिर्दीतला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. मोठ्या क्लबमध्ये दुसरी म्हणून राहायचे की लहान क्लबमध्ये पहिली म्हणून जायचे? मोठ्या क्लबमध्ये प्रशिक्षण उत्तम मिळते, रोजच्या सरावात जगातील उत्तम आघाडीपटू समोर असतात आणि पगारही बरा असतो. पण सामन्यातले निर्णय, म्हणजे क्रॉससाठी (बाजूने गोलसमोर मारलेल्या उंच चेंडूसाठी) पुढे यायचे की रेषेवर थांबायचे, बचावफळीला केव्हा वर ढकलायचे, हे सरावात पुरते शिकता येत नाही. लहान क्लबमध्ये दर आठवड्याला खेळायला मिळते, गोल मात्र पुष्कळ खावे लागतात. माझ्या मते बावीस-तेवीस वर्षांपर्यंतच्या गोलकीपरसाठी दुसरा पर्याय बहुतेक वेळा अधिक हिताचा असतो, कारण या जागेवरची समज सामन्यांच्या संख्येनेच वाढते. अर्थात मोठ्या क्लबचा करार हातात असताना हे सांगणे सोपे आणि करणे कठीण असते.

मेरी अर्प्सची वाटचाल पाहिली तर हे गणित स्पष्ट होते. १९९३ मध्ये नॉटिंगहॅममध्ये जन्मलेली ही इंग्लिश गोलकीपर विशीच्या मध्यापर्यंत डॉनकास्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल आणि रीडिंग अशा अनेक क्लबांतून खेळली. याच काळात तिने लफबरो विद्यापीठातून पदवी घेतली. २०१८ मध्ये ती जर्मनीतील बलाढ्य वोल्फ्सबुर्ग क्लबमध्ये गेली, जिथे पहिली पसंती जर्मनीची अल्मुट शुल्ट होती. एका हंगामानंतर ती इंग्लंडला परतली आणि मँचेस्टर युनायटेडच्या नव्याने उभ्या राहिलेल्या महिला संघात दाखल झाली. मधल्या काळात राष्ट्रीय संघाचे दार तिच्यासाठी जवळपास बंद झाले होते आणि फुटबॉल सोडण्याचा विचारही मनात आला होता, हे तिने नंतर स्वतः सांगितले आहे. २०२१ मध्ये सरीना वीगमन इंग्लंडच्या प्रशिक्षक झाल्या आणि त्यांनी अर्प्सला परत बोलावले. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिने २०२२ ची युरोपीय स्पर्धा जिंकली, २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या जेनी एर्मोसोची पेनल्टी अडवली, त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलकीपरचा मान मिळवला आणि फिफाचा सर्वोत्कृष्ट गोलकीपरचा पुरस्कार लागोपाठ दोनदा पटकावला.

या गणिताची दुसरी बाजूही तिच्याच वाट्याला आली. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेला जेमतेम पाच आठवडे उरले असताना तिने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. तोवर पहिल्या पसंतीची जागा हॅना हॅम्प्टनकडे गेली होती. हॅम्प्टनला जन्मतः डोळ्यांचा तिरळेपणा होता, बालपणी त्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि चेंडूचे अंतर जोखणे तिला इतरांपेक्षा अवघड जाते. त्याच हॅम्प्टनने स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यातील शूटआउटमध्ये (बरोबरीनंतरच्या पेनल्टींच्या फेरीत) दोन पेनल्टी अडवून इंग्लंडला विजेतेपद मिळवून दिले.

ती जागा नेमके काय मागते

प्रमाण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि पुरुष व महिला दोघांसाठी तो सारखाच आहे. पेनल्टीचे अंतर ११ मीटर आहे. चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने मारला तर हे अंतर तो सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलू लागण्यातच त्यातला बराच भाग निघून जातो, म्हणून कोपऱ्यात नेमका मारलेला चेंडू केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने अडवणे जवळपास अशक्य असते. पेनल्टी अडवणारी गोलकीपर चेंडू मारला जाण्यापूर्वीच बरेच काही वाचत असते : धावत येण्याचा कोन, टेकलेल्या पायाची दिशा, कमरेचा कल आणि त्या खेळाडूच्या आधीच्या पेनल्टींचा इतिहास. आजकाल हा इतिहास पाण्याच्या बाटलीवर चिकटवलेल्या कागदावरही लिहिलेला असतो.

चालू खेळातील फटक्यांबाबत तिचे पहिले शस्त्र जागेची निवड हे आहे. चेंडूच्या दिशेने दोन पावले पुढे आल्यास आघाडीपटूला दिसणारी गोलची मोकळी जागा कमी होते, पण डोक्यावरून चेंडू उचलून टाकण्याची शक्यता वाढते. शिवाय फटका बसण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि शरीर तोललेले असावे लागते. अद्भुत भासणारी झेप पुष्कळदा आधी चुकलेल्या पावलाची भरपाई असते. ज्या गोलकीपरच्या सामन्यात फारशा झेपा दिसत नाहीत, ती कदाचित अधिक चांगली गोलकीपर असते. प्रेक्षकांना हे पटणे कठीण, पण या विषयातील जाणकार प्रथम तेच पाहतात.

महिला गोलकीपर उंच चेंडूंवर कमी पडतात, हा आरोप जुना आहे. त्यामागे एक खरी गोष्ट आहे : महिलांची सरासरी उंची आणि हातांची पोहोच पुरुषांपेक्षा कमी असते आणि आडवा खांब मात्र तितक्याच उंचीवर असतो. याच कारणाने चेल्सीच्या तेव्हाच्या प्रशिक्षक एमा हेझ यांनी महिलांसाठी गोलचा आकार लहान करावा, असे सुचवले होते. पुष्कळ गोलकीपरना ही सूचना आवडली नाही. मलाही ती मुळाशी जाणारी वाटत नाही, कारण उंचीपेक्षा मोठा फरक प्रशिक्षणाचा होता. वर्षानुवर्षे मुलींच्या संघांना गोलकीपरसाठी स्वतंत्र प्रशिक्षकच नसे. असला तर तो आठवड्यातून एखाद-दोनदा येई. मुले आठव्या-नवव्या वर्षापासून पडणे, झेलणे आणि पावले टाकणे पद्धतशीर शिकत असताना अनेक मुली बाराव्या-तेराव्या वर्षी, संघात दुसरे कोणी तयार नाही म्हणून गोलपोस्टसमोर उभ्या राहिल्या. गेल्या दशकभरात मोठ्या क्लबांनी महिला संघांसाठी पूर्णवेळ गोलकीपर प्रशिक्षक नेमले आणि क्रॉसवरचा खेळ डोळ्यांत भरण्याइतका सुधारला. या काळात गोलपोस्ट जिथे होते तिथेच राहिले.

एकीकडे हे शिकून होत असताना दुसरीकडे नियमही बदलत राहिले, आणि लांब कारकिर्दीच्या गोलकीपरला मधेच नव्याने शिकावे लागले. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेता येणार नाही, हा नियम १९९२ मध्ये आला आणि गोलकीपरच्या पायांना किंमत आली. २०१९ पासून गोलकिकच्या (गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या) वेळी सहकारी पेनल्टी क्षेत्राच्या आत उभ्या राहू शकतात, त्यामुळे संघाची चढाई थेट तिच्या पायापासून सुरू होऊ लागली. आज मोठा क्लब गोलकीपर निवडताना तिच्या डाव्या पायाच्या पासचीही चौकशी करतो. २०२५ च्या बदलानुसार तिने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात ठेवला तर प्रतिस्पर्धी संघाला कॉर्नर मिळतो.

पेनल्टीच्या नियमाने तर एका स्पर्धेत गोंधळच उडवला. चेंडू मारला जाईपर्यंत गोलकीपरच्या किमान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर किंवा तिच्या सरळ वर असलाच पाहिजे, अशी सुधारणा २०१९ मध्ये झाली. त्याच उन्हाळ्यातील महिला विश्वचषकात व्हिडिओ पंचांनी तिची काटेकोर अंमलबजावणी केली. नायजेरियाची अठरा वर्षांची चियामाका न्नादोझी हिच्यासमोर फ्रान्सच्या वेंडी रेनारची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. पण न्नादोझी रेषेच्या पुढे आल्याचे सांगून ती पुन्हा मारायला लावली गेली, दुसऱ्या वेळी गोल झाला आणि नायजेरियाने सामना ०-१ असा गमावला. स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने अर्जेंटिनाविरुद्ध अडवलेली पेनल्टीही अशीच पुन्हा मारली गेली. स्पर्धा चालू असतानाच नियमकर्त्यांना रेषा सोडणाऱ्या गोलकीपरला शूटआउटमध्ये पिवळे कार्ड देण्याची तरतूद तात्पुरती बाजूला ठेवावी लागली. न्नादोझीने मात्र या अनुभवाने खचून न जाता चार वर्षांनी पुढच्या विश्वचषकात कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवली.

चुकांचा हिशेब

आघाडीपटूने पाच संधी दवडून सहावीवर गोल केला तर ती नायिका ठरते. गोलकीपरने पाच चेंडू अडवून सहावा सोडला तर स्मरणात सहावाच राहतो. तिच्या चुकीनंतर ती निस्तरायला मागे कोणी नसते, हे त्याचे कारण. प्रशिक्षकालाही म्हणूनच गोलकीपर बदलण्याचा निर्णय इतर कोणत्याही बदलापेक्षा जड जातो.

२००७ च्या विश्वचषकातील अमेरिकेचे उदाहरण या संदर्भात अजून चर्चिले जाते. होप सोलो स्पर्धेत नियमित खेळत होती. ब्राझीलविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी प्रशिक्षक ग्रेग रायन यांनी तिला बसवून अनुभवी ब्रियाना स्करीला उतरवले, कारण स्करीची ब्राझीलविरुद्धची पूर्वीची कामगिरी चांगली होती. अमेरिका ०-४ अशी हरली. सामन्यानंतर सोलोने उघडपणे सांगितले की हा निर्णय चुकीचा होता आणि आपण ते फटके अडवले असते. फुटबॉलच्या रिवाजात हे फार मोठे उल्लंघन होते. तिला तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातून वगळण्यात आले. पुढे रायन यांचे पद गेले, सोलो परत आली आणि २००८ मध्ये तिने ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. एकूण २०२ आंतरराष्ट्रीय सामन्यांपैकी शंभराहून अधिक सामन्यांत तिच्यावर गोल झाला नाही. या प्रकरणात सोलोचे बोलणे अनुचित होते, हे मान्य करूनही मला रायन यांचा निर्णय अधिक सदोष वाटतो. कित्येक सामने न खेळलेल्या गोलकीपरला थेट उपांत्य फेरीत उतरवणे हा स्करीवरही अन्याय होता.

गोलकीपरचे मूल्यमापन न्याय्य रीतीने करण्यासाठी आता आकडेवारीची एक पद्धत रूढ झाली आहे, आणि ती समजायला तितकी कठीण नाही. किती टक्के फटके अडवले, हा जुना हिशेब फसवा असतो, कारण वीस मीटरवरून थेट हातात आलेला चेंडू आणि सहा मीटरवरून कोपऱ्यात गेलेला चेंडू त्यात सारखेच मोजले जातात. नव्या पद्धतीत गोलच्या चौकटीत आलेल्या प्रत्येक फटक्याला, तो कुठून, कसा आणि चौकटीच्या कोणत्या भागात आला यावरून, गोल होण्याची शक्यता दिली जाते. हंगामातील अशा सर्व शक्यतांची बेरीज समजा ३० आली आणि प्रत्यक्षात गोल २५ झाले, तर त्या गोलकीपरने सर्वसाधारण गोलकीपरच्या तुलनेत पाच गोल वाचवले. या मोजणीमुळे तळाच्या संघातील चांगली गोलकीपर मोठ्या क्लबांच्या नजरेत येऊ शकते. तिने किती गोल खाल्ले हे महत्त्वाचे न राहता, किती खायला हवे होते हे पाहिले जाते. क्रॉस पकडण्यासाठी पुढे येऊन फटकाच होऊ न देण्याचे श्रेय मात्र या आकड्यात येत नाही, हा त्यातला दोष.

दुबळ्या संघात खेळण्याचा हा एक लाभ म्हणता येईल. २०१९ मध्ये चिली अमेरिकेकडून ०-३ असा हरला, तरी सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू चिलीची गोलकीपर क्रिस्तियाने एंडलर ठरली. दोन वर्षांनी ती फ्रान्सच्या लिऑन क्लबमध्ये गेली आणि २०२१ चा फिफा पुरस्कारही तिला मिळाला. २०२३ च्या विश्वचषकात स्वीडनच्या झेचिरा मुशोविचने अमेरिकेविरुद्ध अकरा फटके अडवून सामना शूटआउटपर्यंत नेला आणि अमेरिकेला स्पर्धेबाहेर काढण्यात मोठा वाटा उचलला. आपल्या क्लबमध्ये, चेल्सीत, तिला तोवर नियमित स्थान नव्हते. तेथे आधी आन-काट्रिन बर्गर होती.

बर्गरचे नाव आले आहे तर तिच्याबद्दल थोडे सांगायला हवे. या जर्मन गोलकीपरला २०१७ मध्ये थायरॉइडचा कर्करोग झाला. उपचार घेऊन ती परतली. २०२२ मध्ये तो पुन्हा उद्भवला आणि ती पुन्हा परतली. जर्मनीची पहिली पसंती ती झाली तेव्हा तिने तिशी केव्हाच ओलांडली होती. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडाविरुद्धच्या शूटआउटमध्ये तिने दोन पेनल्टी अडवल्या, निर्णायक पेनल्टी स्वतः मारली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात अखेरच्या क्षणी स्पेनच्या आलेक्सिया पुतेयासची पेनल्टी थोपवली.

शरीर, पैसा आणि वय

गोलकीपर सामन्यात मैदानी खेळाडूच्या साधारण निम्मे अंतर धावते. तिचे स्नायू झिजतात ते वेगळ्या रीतीने : वारंवार जमिनीवर आपटणे, खांद्यावर पडणे, बोटे मागे वळणे आणि गर्दीत गुडघे किंवा कोपर लागणे. मैदानी खेळाडूंप्रमाणे तिलाही गुडघ्याच्या अस्थिबंधाची, म्हणजे एसीएलची दुखापत होते. महिलांमध्ये या दुखापतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे आणि बरे व्हायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते. एवढ्या काळात गोलपोस्टसमोर दुसरी कोणीतरी उभी राहते, आणि ती चांगली खेळली तर परतणारीला जागा आपोआप मिळत नाही.

डोक्याची दुखापत याहून गंभीर असते. १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, पासाडेनाच्या रोझ बोल मैदानात ९० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, चीनच्या लिऊ यिंगची पेनल्टी अडवणारी ब्रियाना स्करी ही त्या काळची सर्वांत प्रसिद्ध गोलकीपर. २०१० मध्ये क्लबच्या सामन्यात वाकून चेंडू घेताना प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर आदळला आणि तिची कारकीर्द तिथेच थांबली. डोकेदुखी, विस्मरण आणि नैराश्य यांनी ती काही वर्षे ग्रासली होती. आर्थिक ओढाताण इतकी झाली की तिला ऑलिम्पिक पदके गहाण ठेवावी लागली. शस्त्रक्रियेनंतर ती सावरली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याची तरतूद प्रयोग म्हणून २०२१ पासून आणि नंतर नियम म्हणून आली. स्करीच्या वेळी असे काही नव्हते.

स्करीच्या कथेतील पैशाचा भाग अपवादात्मक नाही. २०२३ च्या विश्वचषकात प्रथमच प्रत्येक खेळाडूसाठी किमान ३० हजार डॉलर राखून ठेवले गेले, आणि अनेक देशांच्या खेळाडूंसाठी ही रक्कम क्लबच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा मोठी होती. शिक्षण आणि खेळ सोबत चालवणे ही म्हणूनच महिला गोलकीपरची जुनी सवय आहे. भारताची अदिती चौहान लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकत असताना २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली आणि इंग्लंडमध्ये क्लब फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. मँचेस्टर युनायटेडमध्ये अर्प्सनंतर गोलपोस्ट सांभाळणाऱ्या अमेरिकन फॅलन टुलिस-जॉयसचे शिक्षण सागरी विज्ञानातले आहे.

गोलकीपरच्या बाजारमूल्याचा एक किस्सा तर सर्वश्रुत आहे. २०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी नाइकी कंपनीने इंग्लंडच्या मैदानी खेळाडूंचे शर्ट विक्रीला ठेवले, पण गोलकीपरचा शर्ट काढलाच नाही. अर्प्सने जाहीर नाराजी व्यक्त केली आणि लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. शेवटी कंपनीने मर्यादित संख्येने शर्ट बाजारात आणले आणि ते बघता बघता संपले. पुरस्कारांचेही असेच : फिफाचा सर्वोत्कृष्ट गोलकीपरचा पुरस्कार पुरुषांसाठी २०१७ मध्ये सुरू झाला, महिलांसाठी २०१९ मध्ये. सर्वोत्कृष्ट गोलकीपरसाठीचा यशिन करंडक पुरुषांना २०१९ पासून दिला जातो. महिलांसाठीचा पहिला करंडक हॅम्प्टनला २०२५ मध्ये मिळाला.

मातृत्वाचा प्रश्न महिला खेळाडूच्या कारकिर्दीत केव्हा ना केव्हा येतोच. २०२१ पासून लागू झालेल्या फिफाच्या नियमांनुसार खेळाडूला किमान १४ आठवड्यांची रजा मिळते, त्यांतील किमान आठ आठवडे प्रसूतीनंतरचे असतात आणि या काळात किमान दोन तृतीयांश वेतन द्यावे लागते. वर उल्लेख आलेल्या अल्मुट शुल्टला २०२० मध्ये जुळी मुले झाली, तरी २०२२ च्या युरोपीय स्पर्धेसाठी ती जर्मनीच्या संघात होती, मात्र दुसऱ्या पसंतीची म्हणून. प्रसूतीनंतर पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंची ताकद परत यायला वेळ लागतो, आणि झेप घेऊन आडवे पडणे हे नेमके त्याच स्नायूंचे काम असल्याने गोलकीपरच्या पुनरागमनाची आखणी वेगळी करावी लागते.

वयाच्या बाबतीत मात्र ती इतरांपेक्षा सुदैवी असते. आघाडीपटूचा वेग तिशीनंतर उतरू लागतो. गोलकीपरची समज तेव्हा परिपक्व होत असते. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात स्वीडनकडून खेळणारी हेडविग लिंडाल ३८ वर्षांची होती आणि समोर कॅनडाची स्टेफनी लाबे ३४ वर्षांची. तो सामना शूटआउटमध्ये कॅनडाने जिंकला.

या साऱ्या गोष्टी एकाच व्यक्तीत पाहायच्या तर जर्मनीची नादिन अँगेरर हे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १९९६ मध्ये ती राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळली, पण त्यानंतर सुमारे दहा वर्षे मोठ्या स्पर्धांत झिल्के रॉटनबर्गच्या मागे बाकावर बसून राहिली. २००३ मध्ये जर्मनी विश्वविजेता झाला तेव्हाही ती राखीव होती. २००७ मध्ये जागा मिळाली आणि विश्वचषकातील सहाही सामन्यांत, एकूण ५४० मिनिटांत, तिच्यावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात तिने ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही अडवली. २०१३ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडवल्यावर वयाच्या ३५ व्या वर्षी ती फिफाची वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडली गेली. पुरुष किंवा महिला, कोणत्याही गोलकीपरला तो मान त्याआधी मिळाला नव्हता. २०१५ मध्ये ती अमेरिकेतील पोर्टलंड थॉर्न्स क्लबकडून खेळताना निवृत्त झाली आणि त्याच क्लबमध्ये गोलकीपर प्रशिक्षक म्हणून रुजू झाली. निवृत्त गोलकीपरसाठी हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण या कामासाठी युरोपमध्ये आता स्वतंत्र प्रशिक्षण परवाने आहेत आणि महिला संघांमध्ये पूर्णवेळ पदेही वाढत आहेत; तरी प्रत्येक संघात असे पद बहुधा एकच असते.